दहावी वाटी

माझ्या फुप्पीने मला तेराव्या वर्षापर्यंत कधी नावाने हाक मारली नाही. फुप्पी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, रसूलबी. ‘पोरी’, ‘ए बाई’, ‘इधर आ गे’, आणि डोकं फिरलेलं असलं तर तोंडाला येईल ती शिवी. पण मैमून हे माझं चांगलं तीन अक्षरी नाव तिच्या जिभेवर कधी आलं नाही. अब्बांचं बरोबर उलटं. ते दिवसातून वीस वेळा माझं नाव घ्यायचे, काम नसतानाही घ्यायचे. ‘मैमून, मेरी चप्पल कां है?’ आणि चप्पल त्यांच्या पायातच. अम्मा म्हणायची, या माणसाने पोरीचं नाव पार झिजवून टाकलं. फुप्पीला मी नको आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि मग मलाही फुप्पी नको होती. फिट्टंफाट. पुढे तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, हजारो पोरांची नावं पुकारली, तेव्हा कळलं की एखाद्याचं नाव न घेणं हेसुद्धा कष्टाचं काम असतं. लहानपणी मला त्यात फक्त आकस दिसत होता.

आम्ही सोलापुरात गिरण्यांच्या अंगाला एका चाळीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. अब्बा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. समोर नरसम्माचं घर, त्यांच्याकडे चादरींचे दोन माग, ते पहाटेपासून खटक-खटक सुरू. भोंगा झाला की चाळ उठायची, पण मागांमुळे ती खरं तर आधीच उठलेली असायची. नरसम्माकडे तेलुगू, आमच्याकडे दखनी, कोपऱ्यावरच्या स्वामींच्या घरी कानडी, आणि नळावरचं भांडण मात्र सगळ्यांचं मराठीत. फुप्पी पडवीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता, तो भाकरी थापतानाही जात नसे, आणि आज कुणाच्या हाताला तो वास आला की मला भूक लागते. शेंगाची चटणी ती अशी कुटायची की तेल सुटून मुसळाला चिकटायचं. बोलायची कमी. बोलली तर समोरच्याला बसायला जागा उरायची नाही.

पितृपंधरवडा लागला की आमच्या घरी मलिदा व्हायचा. मुसलमानाच्या घरात पितृपंधरवडा कसला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. कारण पुढे अम्माने सांगितलं. फुप्पीची माणसं गेली ती त्या पंधरवड्यात. तिला चांदाची तारीख आठवत नव्हती, इंग्रजी तारीख कळत नव्हती. आदल्या दिवशी गावात घरोघर पितरांचे वडे तळल्याचा वास सुटला होता, एवढंच तिला आठवत होतं. म्हणून नरसम्माकडे वड्यांची कढई चढली की फुप्पी गव्हाचे जाड रोट भाजायची, ते गरम असतानाच गुळातुपात चुरायची आणि जर्मनच्या दहा वाट्या ओळीने मांडायची. ऊद पेटवून एकेका वाटीवर हात धरायची, ओठांतल्या ओठांत फातेहा पढायची, एकेक नाव घ्यायची. मी वाट्या वाटायला म्हणून शेजारी बसलेली. नऊ वाट्या झाल्या की मला बाहेर पिटाळायची. जा, बघ नळ आला का. जा, ऊद संपला, आण. ऊद संपलेला नसायचा. मी परत येईपर्यंत दहावी वाटी होऊन गेलेली असायची, आणि मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे म्हणून ही मला शेवटी उठवते.

मग मी वाट्या घेऊन चाळीत फिरायची. रिकामी वाटी परत द्यायची नाही ही रीत, म्हणून त्यांच्या पितरांचे वडे आमच्या वाट्यांत घालून यायचे. चाळीत सगळ्यांचे पितर जेवायचे, त्या पंगतीत आमचेही जेवून जायचे, आणि कुणाला काही कळायचं नाही. वडे मी आणि माझे दोघे भाऊ खायचो. फुप्पी त्यांना कधी शिवली नाही.

आणि मोहरम आला की काय थाट. तेराशे वर्षांपूर्वी परमुलखात वाळवंटात तहानेने तडफडवून मारलेली ती माणसं, त्यांच्यासाठी सोलापुरात सगळ्या जातींच्या बायका सरबताचे हंडे भरायच्या. नरसम्माचा नवरा नवस फेडायला फकीर व्हायचा. त्या वाळवंटात मारलेल्या तान्ह्या लेकराचं नावसुद्धा लोकांना पाठ होतं, आणि ते ऐकून डोळे पुसायचे. आमच्या दहा माणसांना जाऊन पुरती पंचवीस वर्षं झाली नव्हती, जागा इथून वीस-बावीस मैलांवर, आणि त्यांची नावं घरातसुद्धा मोठ्याने घ्यायची नाहीत हा अब्बांचा दंडक होता. मला राग येतो तो याचा. आज मी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचते. आमच्यासारख्यांना कुठे ना कुठे असंच मारलेलं असतं. देश बदलतो, शहर बदलतं, आकडा छापून येतो. मी नावं शोधते. नावं नसतात.

मग दुष्काळाचं ते साल आलं. रेशनवर मायलो ही लाल परदेशी ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावरून काढेपर्यंत वातड. पंधरवड्यातला मलिदासुद्धा त्या वर्षी मायलोचाच झाला. फुप्पी वाट्यांकडे बघून म्हणाली, ‘खा लेव बाबा, जिंदे बी यैच खातैं.’ उन्हाळा लागला तसे नळावर हंड्यांच्या रांगा लागल्या आणि लहान पोरांना रांगेत बसवून ठेवायचे. अशाच एका दुपारी आमच्या पडवीसमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने लाल, कपाळावरचं भस्म घामाने ओघळलेलं. गळ्यात लिंग. म्हणाला, “रसूलबी हितंच ऱ्हाती का?”

फुप्पीच्या हातातली कातरी थांबली. तिने मान वर केली नाही. “सिद्रामअप्पा,” ती म्हणाली, “लई वर्सांनी वाट सापडली की.”

“वाट म्हाईत हुती, अक्का. धीर होत नव्हता.”

अम्मा तांब्या घेऊन उठली. त्या उन्हाळ्यात, त्या दुपारी, दारात आलेल्याला पाणी द्यायचं नाही हे आमच्याकडे दुश्मनाच्या बाबतीतही घडलं नसतं. फुप्पी हात आडवा धरून म्हणाली, “ठैर. पैले बोलने दे.” अम्मा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मी पडद्यामागे होते. म्हाताऱ्याने तांब्याकडे एकदा पाहिलं आणि उंबऱ्याबाहेर टेकला.

तो तिच्या गावचा होता. सांगायला लागला की गावात पाण्याचा थेंब नाही. “टँकर चौथ्या दिशी येतो, कदी येत बी न्हाय. जनावरं छावनीत घातली. मानसं कुटं घालायची? चिंचेखालची हीर उपसायचं ठरलंय. तिचे झरे जित्ते हायत, समद्यांस्नी म्हाईत हाय. वडार लावले. वरचे दगड काढले, बाभळी तोडल्या, माती काढली. दोन पुरुष खोल गेले आन् काकनं लागली. हिरवी. काचंची.”

फुप्पी विडीच्या पानाकडे बघत होती.

“वडारांनी कुदळी टाकल्या आन् वर आले. त्यांचा मुकादम म्हनतो, ज्यांची मानसं हायत त्यांनी येऊन व्हय म्हनल्याबिगर आमी उतरनार न्हाय. पाटलानं दटावलं, बघितलं. न्हायच म्हनत्यात.”

“मग सांगा की त्यांना, कुनाची हायत ती.”

म्हातारा धोतराची धूळ झटकायला लागला.

“सांगितलं न्हाई?”

“कुनाचं तोंड हुईना, अक्का.”

मी इथे थांबून सांगते, कारण नवीन वाचणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. ते गाव निजामाच्या हद्दीत होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आता नवी माणसं राहतात आणि त्यांतली काही माझे विद्यार्थी आहेत. रझाकारांनी त्या भागात जे अत्याचार केले ते केले, ते कुणी नाकारत नाही. मग हिंदुस्थानची फौज आली, पोलिस ॲक्शन झाली, निजाम शरण गेला आणि रझाकार पळाले. जे पळाले नाहीत, कारण त्यांनी पळण्यासारखं काही केलंच नव्हतं, ते पिंजारी, मणेर, मुलाणी गावागावांत सापडले. पुरुषांना शेतात गाठलं. बायका पोरं घेऊन विहिरीकडे धावल्या. काहींनी उड्या घेतल्या, काहींना ढकललं. नंतर विहीर दगडमातीने बुजवली, तिच्यावर बाभळी वाढल्या आणि गावाने तिकडून जायची पायवाट बदलली. अब्बा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, सोलापुरात मामाकडे काम शिकत होते, म्हणून वाचले. फुप्पी कशी वाचली ते मला त्या दुपारी पडद्यामागे कळलं.

“तुमी दोर सोडला व्हता,” ती म्हाताऱ्याला म्हणाली, “मोटेचा. अंधारात. म्हनला, धर, वर ये. दोन्ही हातांनी धर म्हनला. मी धरला दोन्ही हातांनी. वर आले. काखेतलं खाली राहिलं.”

“अक्का—”

“तुमाला शिव्या न्हाई दिल्या कदी. पण दुवा बी न्हाई दिला. येते मी. मात्र समदं गाव तितं आलं पायजे. आन् नावं तुमी घ्यायची.”

“कुनाची नावं?” म्हातारा दचकला. मलाही वाटलं, आता ही मारणाऱ्यांची नावं मागते.

“मारनाऱ्यांची नगं. ती मलाबी पाठ हायत, तुमाला बी हायत. खाली हायत त्यांची. दहा हायत. मी एकबी सांगनार न्हाई. समदी तुमच्यातच वाढलेली. बघू किती याद हायत.”

“गाव येईल का न्हाय, काय सांगू.”

“न्हाई आलं तर हीर ऱ्हाऊ दे तशीच. माज्या मानसांना घाई न्हाई.”

तो उठला आणि तसाच गेला, त्या उन्हात, घोटभर पाण्याशिवाय. अम्मा त्या दिवशी फुप्पीशी बोलली नाही.

संध्याकाळी अब्बा आले आणि घरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. अब्बा म्हणजे आवाज न चढणारा माणूस. मागांच्या खटक्यात बोलायची सवय जाऊन, मला मारायच्या हाका सोडल्या तर, ते बरंचसं खुणांनीच बोलायचे. “नै जाना, आपा. इत्ते बरस चुप बैठे सो कायकू? बच्चे हैं मेरे. लोगां भूल गये, भूलने देव.”

“भूले नै,” फुप्पी म्हणाली. “भूले रैते तो इत्ते डरते नै.” मग माझ्याकडे बोट करून, “पोरी कू लेको जातिऊं मैं. वाट्यां उठाने कू.”

“मैमून कू नै.” अब्बांचा चेहरा उतरला. “उसकू वां नै लेजाना.”

“नाम रखे सो तुमे. मेरे कू पुछे थे?”

अब्बा खाली बसले. समोरचे माग तेवढे चालू होते. तुम्हाला आता कळलं असेल. मला कळलं नव्हतं. मी हुशार मुलगी होते, पण पुस्तकातली.

आठ दिवसांनी निरोप आला, गाव येतंय. आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो, फुप्पी, मी, आणि पिशवीत किणकिणणाऱ्या दहा वाट्या. मलिद्याचा डबा माझ्या मांडीवर. गाडी सुटायच्या बेताला अब्बा चढले. गिरणी बुडवून आले होते, काखेत मांजरपाटाचं अख्खं ठाण. फुप्पीने त्या कापडाकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. कफनाचं कापड एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. रस्त्याने दोन्ही अंगांना खडी फोडणारी माणसं, डोक्याला फडकी बांधलेली, गाडीकडे न बघणारी. अब्बांचा गुडघा सारखा हलत होता. मला भीती वाटत होती, ती नक्की कशाची ते सांगता आलं नसतं. मोठी माणसं घाबरलेली दिसली की लहानांना वेगळं कारण लागत नाही.

फाट्यापासून पाऊण तास चालत गेलो. गावात शिरलो तेव्हा दारांत माणसं उभी होती आणि आम्ही पुढे गेलो की मागे चालायला लागत होती. पावलांचा आवाज वाढत होता. अब्बांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. चिंच दिसली. तिच्याखाली उकरलेल्या मातीचा ढीग, तोडलेल्या बाभळी, वडारांची पालं, आणि विहिरीचं तोंड. दीड-दोनशे माणूस असेल. एक तरणा गडी पुढे आला. म्हणाला, “म्हातारे, जुनं उकरून काय मिळनार हाय?”

“मी न्हाई उकरलं, बाबा,” फुप्पी म्हणाली. “तुमी उकरलं. म्हनून मला बोलावलं.”

तो मागे सरला. फुप्पीने कठड्याजवळ पदर पसरून वाट्या मांडल्या, एकेकीत मलिदा घातला आणि उभी राहिली. कुणी बोलेना. कुठे जनावर नव्हतं, पंप नव्हता. अब्बा पुटपुटले, चल आपा. ती हलली नाही.

पहिलं नाव एका म्हातारीने घेतलं. मागून, अगदी बारीक आवाजात. “मासूमबी मनेरीन. माज्या लग्नात चुडा तिनंच भरला.” आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. फुप्पीने एक वाटी उचलून कठड्यावर ठेवली. मग दुसरीकडून कुणी म्हणालं, “तिची सून. चांदबी. पोटुशी व्हती.” “हुसेनबी पिंजारीन, गाद्या भरायची.” “मुलान्याची दोन पोरं, थोरला बाबू, धाकल्याचं... इलाही.” दोघा-तिघांनी मिळून एक नाव जुळवलं. एक बाई नाव घेता घेता खालीच बसली. मघाचा तरणा गडी आपल्या बापाकडे बघत होता. बाप वर आभाळाकडे. एकेक वाटी कठड्यावर चढत होती.

ती हाडं त्या दिवशी वर आली, अब्बांनी ती स्वतःच्या हातांनी कापडात घेतली आणि गावाबाहेरच्या जुन्या कबरस्तानात ठेवली, त्याचं वर्णन मी करणार नाही. विहिरीला पाणी लागलं. चार दिवस कुणी प्यायलं नाही, पाचव्या दिवशी प्यायले. मुलं तहानलेली असताना असं किती दिवस चालणार? मी कुणाला नावं ठेवत नाही.

पण ते सगळं नंतरचं. नववी वाटी ठेवली तेव्हा फुप्पीने माझ्याकडे न बघताच बधना पुढे केला, तोटीचा तांब्या. “जा, पानी ला.” मला मनस्वी राग आला. इथेसुद्धा. पण गेले. वडारांच्या पालापाशी एक मडकं होतं. त्यांच्या बाईने त्यातलं दोन पेले पाणी मोजून बधन्यात ओतलं. मी दोन्ही हातांनी धरून सावकाश परत आले. मला वाटलं होतं, नेहमीसारखं सगळं उरकलेलं असेल.

उरकलं नव्हतं. दहावी वाटी खालीच होती. कुणीतरी म्हणत होतं, “नऊच व्हते की. दहावं कोन?”

“सिद्रामअप्पाला म्हाईत हाय,” फुप्पी म्हणाली. तो तिच्या समोरच उभा होता, दोन्ही हात कठड्यावर. “मोहरमात आमच्या दारात बसून त्या तान्ह्या लेकरासाठी रडायचा तुमी, अप्पा. त्याचं नाव येतंय तुमाला. माज्या लेकीचं बी येतंय. खांद्यावर घेऊन हिंडला हाय तिला. घ्या.”

त्याने विहिरीत वाकून पाहिलं. मग घरातल्या पोरीला अंगणातून हाक मारावी तशी त्याने खाली हाक मारली, “मैमून.”

मी त्याच्या पाठीमागे उभी होते, बधना हातात धरून. दिवसातून वीस वेळा जे उत्तर द्यायची तेच तोंडातून गेलं.

“जी,” मी म्हणाले.

तो वळला. मला पाहिलं आणि तो मातीतच बसला. अब्बांनी ठाणात तोंड खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मला काही तरी भयंकर चुकलं एवढंच कळलं आणि मी धपाट्याची वाट बघत उभी राहिले.

फुप्पी माझ्याकडे पाहत होती. आधी कधी तिने मला इतका वेळ पाहिलं नव्हतं. मग वाकून तिने दहावी वाटी उचलली, कठड्यावर ठेवली, आणि वडारांच्या मुकादमाकडे बघून मान हलवली.

“मैमून,” ती म्हणाली, “अप्पाला पानी दे.”

सिद्रामअप्पांनी ओंजळ धरली. पाणी थोडंच होतं, म्हणून मी अगदी बारीक धार धरली.